बदकांची पहिली शिकार : नवख्याला काय शिकवतात?

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हत्तीवरचा हौदा उभा राहतो, रानात ढोल बडवीत हाका घालणारी गावकरी मंडळी उभी राहतात, आणि मेलेल्या वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेले एखाद्या संस्थानिकाचे छायाचित्र आठवते. रानात राहणाऱ्या लोकांची पोटासाठीची पारध सोडली, तर आपल्याकडे शिकार ही बड्यांची करमणूक होती. गरिबाच्या वाट्याला फक्त हाका घालणे येई. आज मी ज्या शिकारीची माहिती देणार आहे ती निराळी आहे. ती अमेरिकेतली आहे, बदकांची आहे, आणि तिच्यासाठी तिकडचा सुतार, वेल्डर, तारजोडणी करणारा, ट्रक हाकणारा असा माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठून गुडघाभर चिखलात जाऊन बसतो.

माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. बंदूक मी कधी चालवलेली नाही आणि चालवण्याची इच्छाही नाही. तरी या विषयाकडे माझे लक्ष वेधले याला एक कारण आहे. २००७ साली अमेरिकेतील कामगार संघटनांच्या सभासदांसाठी 'युनियन स्पोर्ट्समेन्स अलायन्स' नावाची संस्था निघाली. शिकार आणि मासेमारी करणारे कामगार तिच्यात एकत्र येतात आणि आपल्या हातची कारागिरी सार्वजनिक जंगल-पाण्याच्या दुरुस्तीकामाला फुकट देतात. हे वाचल्यावर मला कुतूहल वाटले, की ज्याने कधी बंदूक धरली नाही अशा माणसाला हे लोक पहिल्यांदा पाणथळीवर नेतात तेव्हा त्याला शिकवतात तरी काय? शोध घेता घेता ध्यानात आले, की त्या शिकवणीतला मोठा भाग बंदूक न उडवण्याचा आहे.

असे का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पाणपक्ष्यांना मालक नव्हता आणि मर्यादाही नव्हती. चेसापीक उपसागरासारख्या ठिकाणी बाजारासाठी मारणारे लोक सपाट होडीवर तोफेसारखी लांबलचक बंदूक बसवीत आणि रात्री झोपलेल्या थव्यावर सोडीत. एका बाराला डझनांनी पक्षी पडत. ते पिंपांत भरून शहरांतल्या खाणावळींकडे जात. प्रत्येक जण म्हणे, मी सोडले तर शेजारी मारील. हा हिशेब कामगारांना चांगला माहीत आहे. आपण कमी मजुरीवर काम घेतले नाही तर दुसरा घेईल, असे प्रत्येक जण म्हणू लागला की सगळ्यांचीच मजुरी खाली येते. इथे मजुरीच्या जागी पक्षी होते. लॅब्राडॉर बदक नावाची जात १८७० च्या दशकात नाहीशी झाली. ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकोळत असे त्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

मग डोळे उघडले. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला. बाजारासाठी मारणे बंद झाले. १९३० नंतरच्या दुष्काळात तळी आटली, बदके पुन्हा घटली, तेव्हा नियम आणखी कडक झाले. १९३५ साली जिवंत बदके बांधून इतरांना भुलवणे आणि दाणे टाकून मारणे यांवर बंदी आली, आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे असावीत असे ठरले. नवख्याला आज जो नियम सांगतात त्यातल्या बहुतेक कलमांच्या मागे अशी एखादी नासाडी उभी आहे.

आता प्रत्यक्ष शिकवणीकडे येऊ. नवख्याची शिकार घरीच सुरू होते. आधी बंदूक सुरक्षितपणे वापरण्याचा अभ्यासक्रम. बहुतेक राज्यांत त्याशिवाय परवाना मिळत नाही. मग मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेमाचा सराव. जोडीने पक्षी ओळखण्याचा सराव चालतो आणि तो नेमापेक्षा अवघड आहे. मॅलार्ड जातीच्या नराचे डोके हिरवेगार, मादी मात्र तपकिरी. गॅडवॉलच्या पंखावर पांढरा ठिपका. पिनटेलची मान लांब, शेपूट टोकदार. हे सारे पुस्तकात सोपे असते. पहाटेच्या अंधूक उजेडात, अंगावरून भर्रकन जाणाऱ्या पक्ष्यावर ओळखायचे तर सवय लागते. आणि ओळखल्यावाचून चालत नाही, कारण दिवसाला मारायच्या बदकांचा आकडा ठरलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो सहा आहे, आणि त्या सहांतही अमक्या जातीची इतकी, मॅलार्डच्या माद्या इतक्या, असे पोटनियम असतात. देशाचे चार हवाई मार्ग कल्पून दर वर्षी पक्ष्यांच्या पाहणीवरून हे आकडे ठरवतात.

शिकारीच्या आदल्या दिवशी जाणता माणूस नवख्याला घेऊन जागा पाहून येतो. बदके कुठून येतात, कुठे उतरतात, वारा कसा आहे, हे बंदूक न नेता पाहायचे. पहाटे अंधारातच पोचायचे. पायांत छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तिच्यावर कमरेला घट्ट पट्टा. पाय घसरून पडलाच तर आत झपाट्याने पाणी भरू नये म्हणून. पाणी गोठणबिंदूच्या आसपास असते. नवखा कुडकुडत राहिला तर त्याचे चित्त कशातच लागत नाही, म्हणून जास्तीचे हातमोजे आणि गरम कॉफी जाणत्यानेच न्यायची असते.

पाण्यावर नकली बदके तरंगत सोडतात. बदक वाऱ्याच्या समोरून उतरते, हे ध्यानात ठेवून वारा पाठीशी घेऊन बसतात आणि नकली बदकांच्या मध्ये मोकळी जागा ठेवतात; खरे बदक त्या मोकळ्या जागेत उतरू पाहते. एक नकली बदक मुद्दाम तीस-पस्तीस यार्डांवर ठेवतात. त्याच्या पलीकडे बार टाकायचा नाही, ही खूण. मग पाणकणसाच्या आडोशात बसायचे, तोंड झाकून घ्यायचे आणि वर पाहायचे नाही. उजळ चेहरा वरून चटकन दिसतो आणि थवा वळून निघून जातो. नवख्याला सर्वांत जड जाते ते हेच. डोक्यावर पंखांचा आवाज होतो आणि मान वर करायची नाही!

कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकता येतो. मात्र चांगला शिक्षक नवख्याला आणखी थांबवतो, पक्षी नीट दिसेपर्यंत. पहिल्या दिवशी त्याच्या बंदुकीत तीनऐवजी एकच काडतूस घालणारे पुष्कळ शिक्षक आहेत. आडोशात दोन नवखे असतील तर एका वेळी एकानेच उठायचे. प्रत्येकाची दिशा आधी वाटून द्यायची. इथून त्या झाडापर्यंत तुझे, त्याच्या पलीकडे दुसऱ्याचे. सुरक्षेचा खटका बंदूक खांद्याला लागेपर्यंत काढायचा नाही. कुत्रा पाण्यात असताना खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही. आडोशातून बाहेर पडण्यापूर्वी बंदूक रिकामी करायची. मी ज्या यंत्रशाळेत काम शिकलो तिथले उस्ताद पोराला लेथ सुरू करण्याआधी ती बंद करायला शिकवीत. त्याची मला इथे आठवण होते.

थवा येतो तेव्हा नवखा साऱ्या थव्यावर बंदूक झाडतो आणि एकही पक्षी पडत नाही. म्हणून सांगतात, एकच पक्षी निवड, त्याच्यासोबत नळी फिरव, त्याच्या पुढे काढ आणि नळी न थांबवता चाप ओढ. पक्षी दूर असेल, ओळखू आला नसेल किंवा मनात शंका असेल, तर बंदूक खाली. दूरचा बार बहुधा पक्ष्याला मारीत नाही, जायबंदी करतो, आणि तो पक्षी गवतात जाऊन उपाशी मरतो. म्हणून पडलेला पक्षी शोधण्याचा शक्य तो प्रयत्न करणे तिकडे कायद्याने बंधनकारक आहे. एक पक्षी शोधण्यात अर्धा तास गेला आणि वरून दहा थवे गेले, तरी शिक्षक उठू देत नाही. घरी पोचेपर्यंत पक्ष्याचे एक पंख किंवा डोके तसेच ठेवावे लागते, म्हणजे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जात ओळखता येते. शेवटी पिसे काढणे, साफ करणे आणि शिजवणे हेही नवख्याने स्वतःच करायचे. मारले ते खायचे, हा धडा पुस्तकाने शिकवता येत नाही.

छऱ्यांचीही एक गोष्ट आहे. पूर्वी ते शिशाचे असत. पाण्याच्या तळाशी पडलेले छरे बदके खडे समजून गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. त्यांना खाणारे गरुडही मरत. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे बंद झाले आणि पोलादी छरे वापरात आले. पोलाद शिशापेक्षा हलके, म्हणून त्याचा जोर लवकर ओसरतो. तेव्हा पक्षी जवळ येऊ देण्याचा संयम आणखी वाढवावा लागला.

या साऱ्यात मला सर्वांत आवडलेला नियम मुलांच्या दिवसांचा आहे. १९९६ पासून तिकडे हंगामाला धरून काही दिवस फक्त मुलांसाठी राखून ठेवण्याची सोय आहे. मुलासोबत प्रौढ माणूस असलाच पाहिजे, पण त्या प्रौढाला त्या दिवशी बदके मारता येत नाहीत. त्याने केवळ शिकवायचे. शिक्षकाचा स्वतःचा आकडा भरण्याचा लोभ कायद्यानेच काढून घेतला आहे.

खर्च कोण भरते, हेही पाहण्यासारखे आहे. १९३४ पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याला सरकारी 'बदक तिकीट' विकत घ्यावे लागते. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती आणि त्यावरचे चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. २०१५ पासून किंमत पंचवीस डॉलर आहे. त्या पैशातून पाणथळी विकत घेऊन किंवा करार करून राखल्या जातात. आजवर शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि सुमारे साठ लाख एकर जमीन राखली गेली. त्याशिवाय १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे वर्गणीदार आहेत म्हणून दलदल आहे. आता अडचण अशी, की १९७० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला चोवीस लाखांच्या आसपास तिकिटे खपत. अलीकडे हा आकडा पंधरा लाखांच्या घरात आला. म्हातारे शिकारी थकले, शहरातली मुले पाण्याकडे फिरकत नाहीत. नवख्याला हात धरून नेण्याची धडपड त्यामुळे चालली आहे. ज्या संघटनेत नवे सभासद येत नाहीत तिची तिजोरी आधी रिकामी होते आणि मग तिचे काम थांबते, हे मी जवळून पाहिले आहे.

तुमच्यापैकी कोणी विचारील, जीव मारायला शिकवण्याचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याला कोणताही जीव मारणे पाप वाटते त्याची समजूत या नियमांनी पटणार नाही, आणि पटावी असा माझा आग्रहही नाही. पण मर्यादा नसलेली शिकार काय करते याची खूण आपल्याच देशात आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव घाणा येथे १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. त्या दिवशी पाहुण्यांना कोणी आकडा घालून दिला नव्हता. जो मोठा आकडा, तोच मोठा मान होता. पुढे ती जागा राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आपल्या देशाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निराळी वाट धरली. इथे रानबदक मारणे गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असे माझे मत आहे. तेव्हा हे ऐकून कोणी बंदूक शोधू नये. पण बंदूक बंद केल्याने पाणथळ आपोआप राखली जाते असे नाही. पिनटेल म्हणजे आपले तलवार बदक आणि शॉव्हेलर म्हणजे थापट्या, या अमेरिकेतही असलेल्या जाती. त्यांचे आपल्याकडचे थवे हिवाळ्यात उत्तरेकडून नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर उतरतात. ही सगळी पाणी अडवून माणसांनी तयार केलेली ठिकाणे आहेत. तिथला काठ नांगरला गेला, सांडपाणी सोडले गेले किंवा भराव पडला, तर छरा न उडवताही बदके जातील.

अमेरिकेतला शिकारी पाणथळीसाठी तिकीट फाडतो, कारण तिच्यात त्याचा रोकडा स्वार्थ आहे. आपल्याकडे तो स्वार्थ आपण कायद्याने काढून टाकला, हे योग्यच झाले. मात्र त्याच्या जागी वर्गणी कोणाची, हे आपण अजून ठरवलेले नाही. आपल्या गावाच्या तळ्याचा काठ कोण मोजतो, त्यावर भराव पडला तर तक्रार कोण करतो, आणि मुलांना पहाटे दुर्बीण देऊन तिथे कोण घेऊन जातो, याची चौकशी प्रत्येकाने आपापल्या गावी करावी. कोणी नेत नसेल, तर येत्या हिवाळ्यात आपणच न्यावे. त्या मुलांनाही तेच शिकवावे लागेल : अंधारात पोचायचे, गप्प बसायचे, आणि पक्षी ओळखू येईपर्यंत घाई करायची नाही.