रोजचं विज्ञान : पहाटे मासे वर का येतात?

सोलापुरात सिद्धेश्वर तळ्याचं पाणी हिरवं झालेलं असेल, तर एखाद्या पहाटे काठावर उभं राहा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसू शकतात. हिरवं पाणी म्हणजे प्राणवायूची चंगळ, नाही का? दिवसा, हो. ऊन असेतो शेवाळ प्राणवायू बनवतं. रात्री कारखाना बंद, पण श्वास घेणारे तेवढेच. त्यात शेवाळही आलं! उजाडेपर्यंत डबा जवळजवळ रिकामा.

नववीच्या मुलांना शेवाळाचा अंदाज स्वतः घेता येतो. २० सेंटिमीटरची तबकडी, चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे, खाली वजन, वर गाठी मारलेली दोरी. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. शेवाळ जितकं दाट, तितक्या गाठी कमी. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडली होती. संशोधक आजही हीच युक्ती वापरतात.

दोन मुलांची मापं जुळणार नाहीत. मला तर खरा तास तिथेच सुरू होतो असं वाटतं. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावात पावसाळ्यात तबकडी गाळानेही गडप होईल, म्हणून वहीत पाण्याचा रंगही लिहायचा.