मागच्या रांगेतली पुस्तकं

रायपूरच्या मराठी घरांत प्रेमाच्या कादंबऱ्या कायम वाचल्या गेल्या, पण कपाटाच्या पुढच्या रांगेत त्या कधी दिसल्या नाहीत. पुढे ज्ञानेश्वरी, दासबोध, 'श्यामची आई', नंतरच्या काळात 'मृत्युंजय'. मागे फडके, माडखोलकर, काकोडकर, शैलजा राजे. तात्यापारा, बुढापारा भागातल्या जुन्या वाड्यांपासून चौबे कॉलनीतल्या घरांपर्यंत मी ही मांडणी पाहत आले. आज माझी भाची वीस वर्षांची आहे. तिच्या खोलीत कपाटाची पुढची रांग कॉलीन हूवर आणि तिच्या जातकुळीतल्या लेखिकांनी भरलेली आहे आणि तिला ती कोणापासून लपवावीशी वाटत नाही. या दोन रांगांमधलं अंतर साठेक वर्षांचं आहे. त्या साठ वर्षांत तरुण मुलींनी काय वाचलं आणि त्यात काय शोधलं, ते नोंदवून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण वाचनाचे आपल्याकडचे इतिहास या पुस्तकांना ओलांडून पुढे जातात.

माझी आई लग्न होऊन नागपूरहून रायपुरात आली ती साठच्या दशकात. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होती. राज्यं वेगळी झाली, तरी मराठी पुस्तक यायचं ते नागपूरहूनच. कोणी माहेरी गेलं की येताना पिशवीत दोन-तीन कादंबऱ्या आणि एखादा दिवाळी अंक असायचा. तो अंक मग गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांतून फिरे. परत येईस्तोवर मुखपृष्ठ सुटलेलं असे आणि पानांवर हळदीची बोटं उमटलेली असत. चंद्रकांत काकोडकर त्या काळी घरोघर वाचले जायचे. 'दो रास्ते' हा १९६९ सालचा राजेश खन्नाचा सिनेमा त्यांच्या 'नीलांबरी'वर बेतलेला होता. हिंदी शेजारणींना हे सांगताना आईला अभिमान वाटायचा.

पण काकोडकरांचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. एका कवीच्या आयुष्यातून गेलेल्या स्त्रियांची ती गोष्ट. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये तिथे काकोडकर निर्दोष सुटले. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, शृंगार आणि प्रेम असलेलं कितीतरी साहित्य तरुणांच्या हाती आधीच आहे, आणि कथा वाचायची तर ती सबंध वाचायला हवी. तरुण वाचकाच्या हातातल्या प्रेमकथेचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी दिवाळी अंकाच्या निमित्ताने केला, ही गोष्ट माझ्या पिढीला शाळेत कोणी सांगितली नाही.

त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' आलं होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा मोडलेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. गदारोळ इतका झाला, की विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, कितीतरी वर्षं पडद्याआडच राहिल्या. मुलींची गुपितं सांगणारी लेखिका स्वतःच गुपित होऊन बसली. आज जगभर खपणाऱ्या 'न्यू अ‍ॅडल्ट' कादंबऱ्यांत विशीतली मुलगी, तिचं पहिलं मोठं प्रेम, घरातून आलेली जखम आणि कोणाला न सांगितलेली एखादी गोष्ट असते. ते सगळं मालतीबाईंकडे आहे. फक्त मालतीबाईंनी शेवट गोड करून दिला नाही.

माझी स्वतःची वाचनाची वर्षं ऐंशीच्या दशकातली. तोवर घरात दोन भाषा नांदू लागल्या होत्या. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त घरी. त्यामुळे एकाच महिन्यात हातात सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आणि धर्मवीर भारतींची 'गुनाहों का देवता' असं घडायचं. पहिलीत घरातलं दबलेलं दुःख घेऊन पुण्यात शिकायला आलेला श्रेयस आणि त्याची कट्ट्यावरची टोळी. दुसरीत अलाहाबादचे चंदर आणि सुधा, ज्यांना आपलं प्रेम आहे हेसुद्धा वेळेवर उच्चारता येत नाही. भारतींची कादंबरी १९४९ ची. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीने ती वाचली होती आणि प्रत्येकीने वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली होती. सुधा का मेली यावर आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात तासन्‌तास भांडलो आहोत. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की चंदरच्या थोरपणाची किंमत सुधेने मोजली. त्या थोरपणाला देवत्व म्हणायला मी तयार नाही.

त्या भांडणांत काय घडत होतं हे नीट पाहायला हवं. घरात आम्ही कोणी लग्नाबद्दल, नवऱ्याच्या हात उगारण्याबद्दल, आत्याच्या माहेरी परत येण्याबद्दल बोलू शकत नव्हतो. सुधेबद्दल बोलू शकत होतो. कादंबरीतली मुलगी मध्ये उभी राहिली की आपल्या घरातलं नाव न घेता आपल्या घराबद्दल बोलता येतं. प्रेमाच्या कादंबरीतलं गुपित वाचकाला ओढून नेतं ते यासाठी. केवळ उत्सुकतेने शेवटच्या पानापर्यंत जायला रहस्यकथा पुरतात.

पुढचा टप्पा भरकन आला. २००० साली रायपूर राजधानी झालं. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, मुलं पुण्याला आणि बंगळूरला जाऊ लागली. २००४ मध्ये चेतन भगतचं पहिलं पुस्तक ९५ रुपयांना मिळू लागलं आणि इंग्रजी कादंबरी ही चैनीची वस्तू राहिली नाही. २००८ मध्ये दुर्जय दत्ता आणि रविंदर सिंग या दोघांच्या पहिल्या कादंबऱ्या आल्या. साधी इंग्रजी, कॉलेज, प्रेम, ताटातूट. रायपूर स्टेशनावरच्या स्टॉलवर हीच पुस्तकं पुढे मांडलेली असत. साहित्य म्हणून त्यांतलं फारसं माझ्या लक्षात राहिलेलं नाही. पण रायपूरसारख्या गावातल्या हजारो मुलामुलींना इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचायची सवय याच लेखकांनी लावली, हे मान्य करायलाच हवं.

तिकडे अमेरिकेत २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने अठरा वर्षांपुढच्या तरुण वाचकांसाठीच्या लेखनाची स्पर्धा घेतली आणि 'न्यू अ‍ॅडल्ट' हे नाव तिथून चालू झालं. ते रुजवलं मात्र स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्या बायकांनी. २०११ मध्ये जेमी मॅग्वायरची 'ब्यूटिफुल डिझॅस्टर' आली. २०१२ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये समाजसेविकेची नोकरी करणाऱ्या कॉलीन हूवरने 'स्लॅम्ड' स्वतःच ई-पुस्तक म्हणून आणलं. वर्ष सरताना आलेलं तिचं 'होपलेस' प्रकाशकाविना न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. भारतात किंडलचं दुकान २०१२ मध्ये उघडलं, पुढच्या वर्षी अ‍ॅमेझॉन आलं. आता नागपूरच्या पिशवीची वाट पाहायची गरज उरली नाही. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे बंदी आली, पण पुस्तकं हातात धरून रडणाऱ्या मुली इन्स्टाग्रामच्या रील्समधून घरोघर पोचल्याच. २०१६ ची 'इट एन्ड्स विथ अस' खऱ्या अर्थाने घराघरात गेली ती त्यानंतर.

भाचीची ती प्रत माझ्यासमोर आहे. पानांच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या आणि पहिल्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात त्यांचा खुलासा: गुलाबी म्हणजे प्रेम, निळी म्हणजे रडू, पिवळी म्हणजे आवडलेलं वाक्य, लाल म्हणजे धोका. पुस्तक मिटून कडेने पाहिलं तर पहिला भाग गुलाबी दिसतो. लिली ही फुलांचं दुकान काढू पाहणारी तरुणी, राइल हा मेंदूचा शल्यविशारद. लिलीच्या बापाने तिच्या आईला मारलेलं तिने लहानपणापासून पाहिलेलं. राइलच्या पोटात बालपणीची भयंकर घटना, सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून चुकून भाऊ मेलेला. मग स्वयंपाकघरातला तो प्रसंग. ओव्हनमधून काढताना राइलचा हात भाजतो, लिली हसते आणि तो तिला ढकलतो. भाचीने त्या ओळीवर लाल पट्टी लावली आहे. तिच्या दोनच पानं आधी गुलाबी आहे. पुढे तो माफी मागतो तिथे तिने गुलाबी लावली, मग ती काढून टाकली. कागदाचा पापुद्रा निघालेला दिसतो.

त्या निघालेल्या पापुद्र्यासाठी मी हूवरला तिची सपाट भाषा आणि योगायोग माफ करते. मारणारा माणूस देखणा, हुशार, दुःखी आणि प्रेमळ असू शकतो, आणि तरीही त्याला सोडायचं असतं, हे वीस वर्षांच्या वाचक मुलीला एका प्रसंगात कळलं. पुस्तकाच्या शेवटी मुलगी जन्मल्यावर लिली त्याच्याकडे घटस्फोट मागते. हूवरने शेवटी लिहिलं आहे, की ही गोष्ट तिच्या आईच्या आयुष्यातून आली. आपल्याकडे घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. पण मराठी घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा विषय आणायला कायदा कमी पडला. आमच्या घरात तो एका अमेरिकन कादंबरीने आणला. भाचीने तिच्या आजीला कथा सांगितली. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईने शांतपणे विचारलं, "मग तिच्या आईने का नाही सोडलं?" आणि मग आमच्या घरातल्या एका जुन्या, कोणी न बोललेल्या संसाराबद्दल आम्ही तिघी रात्री उशिरापर्यंत बोललो.

पण याच रांगेत दुसऱ्या जातीची पुस्तकंही आहेत आणि त्यांच्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. अ‍ॅना टॉडची 'आफ्टर' २०१३ पासून वॉटपॅड या संकेतस्थळावर हप्त्याहप्त्याने आली, पुढच्या वर्षी छापली गेली. त्यातला हार्डिन मित्रांशी पैज लावून टेसाला जवळ करतो, वारंवार अपमान करतो आणि दर वेळी त्याच्या वाईट बालपणाचा दाखला पुढे येतो. नायकाचा भूतकाळ दुखरा आहे म्हणून नायिकेने सोसावं आणि तिच्या सोसण्याने तो सुधारावा, हे सूत्र या प्रकारात शेकडो वेळा वापरलं गेलं आहे. नायिकेचा फोन तपासणारा, ती कुठे गेली यावर पाळत ठेवणारा नायक तिथे प्रेमी म्हणून रंगवला जातो. अशा एका पुस्तकात भाचीची गुलाबी पट्टी जिथे होती, तिथे मी लाल लावली असती. मी तिला तसं सांगितलं. ती चिडली, दोन दिवसांनी पुस्तक घेऊन परत आली आणि आम्ही ते पान पुन्हा वाचलं. पट्टी तिने बदलली नाही. तिचं म्हणणं, वाचताना जे वाटलं ते वाटलं, ती नोंद खोटी का करायची? मला ते पटलं.

जखमेचं कारण सांगणारी कादंबरी आणि जखमेचं निमित्त करणारी कादंबरी यांत फरक आहे. माझ्या मते या प्रकारातल्या पुस्तकांचा कस लावायचा तो इथेच. अमुक पान शृंगारिक आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी १९६९ चा तो निकाल वाचावा.

रायपूरच्या वाचकाने आणखी एक गोष्ट रील्सच्या याच वर्षांत पाहिली. आमच्याच गावात राहिलेल्या विनोद कुमार शुक्ल यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही १९९७ ची कादंबरी. गणित शिकवणारा गरीब प्राध्यापक रघुवर प्रसाद, त्याची नवी नवरी सोनसी आणि खोलीची एक खिडकी. या कादंबरीत कोणी मारत नाही, कोणी काही लपवत नाही. प्रेम आहे, तेही लग्नातलं. तिला साहित्य अकादमी मिळालं, पुढे शुक्लजींना ज्ञानपीठ. पण विशीतल्या वाचकांनी ती उचलली ती अलीकडे, त्याच रील्सवरून, ज्यांवरून हूवर आली. २०२५ मध्ये रायपुरातच प्रकाशकाने शुक्लजींना ३० लाख रुपयांच्या रॉयल्टीचा धनादेश दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते गेले. आजची मुलं फक्त भडक वाचतात असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. भाचीच्या रांगेत हूवरशेजारी सोनसी आहे.

त्या रांगेत मराठी पुस्तक मात्र एकही नाही, आणि मला लागतं ते हे. ती मराठी बोलते, अडखळत का होईना वाचते. प्रतिलिपी या अ‍ॅपवर मराठी प्रेमकथा फोनवर वाचतेसुद्धा. पण विशीतल्या मुलीचं पहिलं भाड्याचं घर, पहिली नोकरी, तुटलेलं नातं, आईबापांच्या संसारातलं न बोललेलं दुःख, हे सगळं गांभीर्याने सांगणारी, आजची आणि छापलेली मराठी कादंबरी तिच्या हातात द्यायला मी गेले, तेव्हा मला 'दुनियादारी'पर्यंत मागे जावं लागलं. ती १९८२ ची आहे. ज्या भाषेत १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं गेलं, तिने हा वाचक दुसऱ्यांच्या दारी सोडून द्यावा याला काही कारण नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. यंदा एखादी तरी दीर्घकथा पंचविशीच्या आतल्या मुलीकडून लिहून घ्या, मुंबई-पुण्याबाहेरची मिळाली तर आणखी चांगलं, आणि तिच्या भाषेतलं इंग्रजी-हिंदी पुसून टाकू नका. आणि ज्यांच्या घरात अशी वाचक आहे त्यांनी तिच्याकडून एक पुस्तक मागून घ्यावं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं आणि मग तिच्याशी बोलावं.