निळ्या अंड्याची वंशावळ

कडकनाथ कोंबडी काळी, तिचं मांस काळपट, हाडंसुद्धा काळसर. मग अंडंही काळंच असणार, असं सांगणारे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. झाबुआच्या या कोंबडीचं अंडं प्रत्यक्षात फिकट बदामी असतं. तरी ही थाप खपते, कारण टरफलाच्या रंगावरून अंड्याचा गुण ठरवायची आपल्याला सवयच लागली आहे. पांढरं ते फार्मचं, तपकिरी ते गावरान, आणि गावरान म्हणून दोन-चार रुपये जास्त. परदेशात तर परसातल्या कोंबड्यांकडून निळी, हिरवी, चॉकलेटी अंडी मिळवण्याचा छंद जोरात आहे, आणि तिथेही निळ्या अंड्याला नसलेले गुण चिकटवले गेले. रंगाला अर्थ नाही असं नव्हे. पण तो अर्थ अंड्याच्या पोटात काय आहे याचा नसून ते घालणाऱ्या कोंबडीचे आईबाप कोण होते याचा आहे. हा फरक एकदा ध्यानात आला, की रंगीत अंड्यांचा छंद बाजारातल्या दाव्यांपेक्षा कितीतरी रंजक ठरतो.

अंडं घडायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० एक तास टरफल चढण्यातच जातात. टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मुळात पांढरंच. कोंबडीकडे रंगद्रव्यं दोनच: तपकिरीसाठी प्रोटोपॉर्फिरिन आणि निळ्यासाठी बिलिव्हर्डिन. दोघांचंही नातं रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमशी. हीम बनताना त्यात लोह बसण्याआधीची पायरी म्हणजे पहिलं, आणि हीम मोडल्यावर उरतं ते दुसरं. (मुका मार लागल्यावर काही दिवसांनी कातडीवर जी हिरवट झाक दिसते, तीही बिलिव्हर्डिनचीच.) फरक पडतो तो रंग चढण्याच्या वेळेमुळे. तपकिरी रंगाचा बराचसा भाग अगदी शेवटच्या तासांत वरून बसतो, निळा मात्र टरफल घडत असतानाच त्यात मुरत जातो. एक भिंतीला मारलेला रंग, तर दुसरा चुन्यातच कालवलेला. म्हणून तपकिरी अंडं फोडलं तर टरफल आतून पांढरं दिसतं, निळं आतूनही निळंच असतं. हिरवं अंडं म्हणजे निळ्या टरफलावर तपकिरीचा पातळ हात. वरचा रंग किती कच्चा असतो पाहा: कोंबड्यांना रक्ती हगवणीवर देतात ते निकारबाझिन नावाचं औषध खाद्यात मिसळलं, तर तपकिरी अंडी देणारी कोंबडी एक-दोन दिवसांत फिकी, पांढरी अंडी घालू लागते. कडकनाथचं काळेपण आहे मेलॅनिनचं, आणि कोंबडीच्या टरफलात मेलॅनिन उतरत नाही. तेव्हा काळ्या अंड्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

निळ्या अंड्याची गोष्ट सुरू होते चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांपासून. स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेल्यो यांनी १९१४ मध्ये त्या तिथे पाहिल्या. शेपूट नाही, कानाशी पिसांचे झुबके, अंडी निळी! हरखून जाऊन त्यांनी १९२१ मध्ये हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही वेगळीच प्रजाती असल्याचं मांडलं. पुढे त्यांनाच ते मागे घ्यावं लागलं, कारण हे पक्षी बिनशेपटीच्या आणि झुबकेवाल्या अशा दोन स्थानिक कोंबड्यांच्या संकरातून आलेले निघाले. अंड्याच्या निळ्या रंगाचा नियम मात्र १९३३ मध्ये केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेट यांनी शोधला. पाठ्यपुस्तकातल्या ‘पनेट चौकोना’पुरतेच आपण या माणसाला ओळखतो, हा त्याच्यावर मोठाच अन्याय आहे. आनुवंशिकशास्त्रज्ञ बेटसन यांच्या जोडीने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे पक्कं करण्यात त्यांचा वाटा होता. १९०८ मध्ये गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे त्यांनी टाकलेल्या प्रश्नातूनच हार्डी-वाइनबर्ग नियमातला हार्डींचा भाग आला. आणि हे सगळं करताना त्यांचा जीव रमला होता तो कोंबड्यांत. निळा रंग एकाच जनुकाचा आणि प्रभावी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलेली एक प्रत पुरते, असं त्यांनी दाखवून दिलं.

पाळणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते, कारण कोंबडा अंडी घालत नाही. त्याच्याकडे निळ्याच्या दोन प्रती आहेत की एक, की एकही नाही, हे त्याच्या पिसांवरून कळत नाही. लेकींना विचारावं लागतं. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर तो सोडायचा, पिल्लं वाढवायची, आणि तलंगा पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर आल्या की पाहायचं. कोंबड्याकडे एकच प्रत असेल, तर सहाच्या सहा तलंगांनी निळी अंडी देण्याची शक्यता ६४ त १ असते. हा खटाटोप टाळायला एक सुरेख पळवाट आहे. ज्या बुटक्या, तीन रांगांच्या तुऱ्यावर पनेट आणि बेटसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम केलं, त्याचं जनुक निळ्या रंगाच्या जनुकाशेजारीच, पहिल्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. हे जोडनातं १९३९ मध्ये अमेरिकेत ब्रुकनर आणि हट यांनी दाखवलं. ज्या घराण्यात दोन्ही गुण एकत्र आलेले आहेत, तिथे पिल्लाच्या डोक्याकडे पाहून त्याच्या किंवा त्याच्या लेकींच्या अंड्याचा अंदाज करता येतो, आणि तो क्वचितच चुकतो. तपकिरीचं गणित इतकं सोपं नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असल्याने फ्रान्सच्या मारां जातीसारखं गडद अंडं मिळवायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. आणि रंगामागे धावताना भान सुटलं तर किंमत पिल्लांना मोजावी लागते: कानाच्या झुबक्यांचं जनुक दोन्हीकडून आलं, तर पिल्लू टरफलातच मरतं. निळ्या अंड्यासाठी झुबक्यांची गरज नाही. अमेरिकेत झुबके वगळूनच अमेरौकाना ही वेगळी जात घडवली गेली.

गावरान अंड्याची चव, त्याचा केशरी बलक ही काय कल्पना आहे का, असं कुणी विचारेल. मुळीच नाही. मोकळी हिंडून हिरवा पाला, किडे, मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो, तिच्या अंड्यातली काही जीवनसत्त्वंही वाढू शकतात. पण ती करणी चाऱ्याची. तीच कोंबडी पिंजऱ्यात कोंडून तयार खाद्यावर ठेवली, तरी टरफल तपकिरीच राहील. उलट बाजूने पाहा: हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने परसबागेसाठी घडवलेली ग्रामप्रिया तपकिरी अंडी देते, पण गावठी कोंबडीच्या कितीतरी पट. म्हणजे रंग गावरान, घराणं प्रयोगशाळेतलं. त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती रंग पाहून जादा पैसे मोजताना. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं हा दावाही असाच. अमेरिकेत १९७० च्या दशकात मोजमाप झालं, तेव्हा ते कमी काही निघालं नाही.

मग २०१३ मध्ये या कथेला अनपेक्षित वळण लागलं. चीनमधल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधक गटांनी वेगवेगळे निबंध लिहून दाखवलं, की निळ्या रंगाचं मूळ एका जुन्या विषाणूत आहे. कोंबडीच्या जनुकसंचात शिरून तिथेच राहिलेला ईएव्ही-एचपी नावाचा रेट्रोव्हायरसचा तुकडा, यकृतात काम करणाऱ्या एका वाहक प्रथिनाच्या जनुकालगत जाऊन बसला आणि ते जनुक टरफल घडवणाऱ्या ग्रंथीतही जागं झालं. विषाणूचं नाव ऐकून अंडं ताटातून सारण्याचं कारण नाही. माणसाच्या जनुकसंचातही सुमारे ८ टक्के भाग अशाच प्राचीन रेट्रोव्हायरसांचा आहे. गंमत पुढेच आहे. चीनच्या डोंगशियांग आणि लुशी कोंबड्यांत हा तुकडा एका जागी बसलाय, तर चिलीच्या कोंबड्यांत तिथून डीएनएची अवघी २३ अक्षरं सरकून. म्हणजे ही घटना पृथ्वीच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे, दोनदा घडली. इथे माझ्या वरच्या विधानालाही थोडी मुरड घालावी लागते: रंग आईबापांची खबर देतो, पण सारख्या रंगाची दोन घराणी एकमेकांच्या नात्यातली असतीलच असं नाही. कोलंबसाच्या आधी समुद्रमार्गे कोंबड्या दक्षिण अमेरिकेत पोहोचल्या का, हा वाद जुना आहे आणि निळी अंडी हा त्यात आशियाशी नातं सांगणारा पुरावा म्हणून मांडला जाई. चिलीतल्या एल अरेनाल इथे सापडलेल्या कोंबडीच्या हाडांवरून २००७ पासून तो पुन्हा पेटला, आणि त्या हाडांच्या डीएनएबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. निकाल आता हाडांवरून आणि डीएनएवरूनच लागायचा. अंड्याच्या रंगाचा पुरावा त्यात धरता येत नाही.