वस्तुमान व वजन

वस्तुमान व वजन : पदार्थाचे वस्तुमान म्हणजे त्याच्या निरूढीचे (जडत्वाचे) माप होय, तर वजन म्हणजे पृथ्वीने किंवा अन्य खस्थ पदार्थाने त्याच्यावर लावलेली गुरुत्वाकर्षणाची प्रेरणा (बल) होय. दैनंदिन व्यवहारात या संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जातात व दोहोंची मूल्ये किलोग्रॅममध्येच सांगितली जातात. भौतिकीत मात्र त्या दोन भिन्न राशी आहेत. पदार्थ कोठेही नेला, तरी त्याचे वस्तुमान तेच राहते. वजन स्थलपरत्वे बदलते.

परस्परसंबंध : न्यूटन यांच्या गतिविषयक दुसऱ्या नियमानुसार प्रेरणा = वस्तुमान × प्रवेग (त्वरण). सारख्याच वेगाने जाणाऱ्या दोन हातगाड्यांपैकी भरलेली गाडी थांबविणे अधिक कष्टाचे असते, ते तिच्या अधिक वस्तुमानामुळे. मोकळ्या सोडलेल्या पदार्थास मिळणारा प्रवेग म्हणजे गुरुत्वीय प्रवेग. म्हणून वजन = वस्तुमान × गुरुत्वीय प्रवेग. पृथ्वीवर गुरुत्वीय प्रवेग सु. ९·८ मी./से.² असल्याने १ किग्रॅ. वस्तुमानाच्या पदार्थाचे वजन सु. ९·८ न्यूटन भरते.

स्थलपरत्वे होणारा बदल : झां रीशे हे फ्रेंच ज्योतिर्विद १६७२ मध्ये विषुववृत्तानजीकच्या केयेन येथे वेधांसाठी गेले असता, पॅरिसमध्ये अचूक लावलेले लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सु. अडीच मिनिटे मागे पडते, असे त्यांना आढळले. विषुववृत्ताजवळ गुरुत्वीय प्रवेग कमी असल्याने लंबकाची आंदोलने मंदावतात. पृथ्वीचे परिवलन व ध्रुवांजवळील तिचा चपटेपणा ही याची कारणे न्यूटन यांनी १६८७ मध्ये आपल्या प्रिन्सिपिया या ग्रंथात विशद केली. समुद्रसपाटीस हा प्रवेग विषुववृत्तावर ९·७८० व ध्रुवांवर ९·८३२ मी./से.² आहे, उंचीबरोबर तो कमी होत जातो. चंद्राच्या पृष्ठभागावर तो सु. १·६२ मी./से.², म्हणजे पृथ्वीवरील मूल्याच्या सु. एक-षष्ठांश आहे.

मापन : दोन पारड्यांच्या तराजूत पदार्थाची तुलना प्रमाणित वजनांशी होते. गुरुत्वीय प्रवेग दोन्ही पारड्यांवर सारखाच असल्याने त्याचा परिणाम उरत नाही व तराजू वस्तुमानच दाखवितो; १० किग्रॅ. तांदूळ चंद्रावरही १० किग्रॅ.च भरतील. तानकाट्यात मात्र स्प्रिंगचे ताणले जाणे प्रेरणेवर अवलंबून असते. पृथ्वीच्या विषुववृत्तावर प्रमाणित केलेला तानकाटा तेच तांदूळ ध्रुवावर सु. ५३ ग्रॅ. अधिक, तर चंद्रावर केवळ १·७ किग्रॅ.च्या आसपास दाखवील. बाजारातील इलेक्ट्रॉनिक काटाही प्रेरणाच मोजतो व तिचे रूपांतर किलोग्रॅममध्ये करून दाखवितो. दिल्लीत जुळविलेला असा अचूक काटा तसाच मुंबईत वापरल्यास अक्षांशातील फरकामुळे दर किलोग्रॅममागे सु. अर्धा ग्रॅम कमी दाखवील. भाजीच्या व्यवहारात हा फरक नगण्य आहे. सोन्याच्या किंवा औषधी द्रव्यांच्या तोलात तो तसा मानता येत नाही. म्हणून असे सूक्ष्म काटे वापराच्या जागीच प्रमाणित वजनांशी जुळवून घ्यावे लागतात. भारतात व्यापारी वजनमापांची पडताळणी वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ याखाली होते.

एकके : किलोग्रॅम हे वस्तुमानाचे व न्यूटन हे प्रेरणेचे, म्हणून वजनाचेही, एकक होय. किलोग्रॅम हे नक्की कशाचे एकक, याविषयीचा संदिग्धपणा दूर करण्यासाठी वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला १९०१ मध्ये किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन ही प्रेरणा आहे, असे घोषित करावे लागले. त्याच वेळी गुरुत्वीय प्रवेगाचे प्रमाणभूत मूल्य ९·८०६६५ मी./से.² असे ठरले. पॅरिसजवळ सेव्हर येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियम मिश्रधातूचा दंडगोल १८८९ पासून किलोग्रॅमचा मूळ नमुना होता. त्याच्या व त्याच्या अधिकृत प्रतींच्या वस्तुमानांत शतकभरात सु. ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडल्याचे दिसून आले. त्यामुळे २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावरून केली जाते.

वजनरहित अवस्था : सु. ४०० किमी. उंचीवर फिरणाऱ्या अवकाशस्थानकाच्या कक्षेतही गुरुत्वीय प्रवेग भूपृष्ठावरील मूल्याच्या जवळजवळ ८९ टक्के असतो. तेथील अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे नव्हे, तर ते व त्यांचे यान एकाच प्रवेगाने पृथ्वीकडे सतत पडत असल्यामुळे. अशा वेळी तराजू व तानकाटा दोन्ही निरुपयोगी ठरतात. वस्तुमान मात्र कायम असते. स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर अंतराळवीराला आंदोलित करून, आंदोलनकालावरून त्याचे वस्तुमान काढण्याची पद्धत स्कायलॅबवर १९७३ मध्ये वापरली गेली.

दोन वस्तुमानांची समता : निरूढीवरून व गुरुत्वाकर्षणावरून मिळणारी वस्तुमाने समान असतात, म्हणूनच निर्वातात सर्व पदार्थ एकाच प्रवेगाने पडतात. अपोलो–१५ मोहिमेत १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकाच वेळी सोडून याचे प्रात्यक्षिक दाखविले. मायक्रोस्कोप या उपग्रहावरील प्रयोगाच्या २०२२ मधील अंतिम निष्कर्षांनुसार, एक हजार लाख कोटीत एक भाग (१०⁻¹⁵) एवढ्या सूक्ष्मतेच्या आसपासही ही समता भंगलेली आढळली नाही. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा पाया हीच समता आहे.