सांगली ते शेअर बाजार

गणेश नारायण गाडगीळ यांनी सांगलीत सराफी सुरू केली १८३२ मध्ये. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पेढी आली ती थेट १९५८ साली. घाई हा या घराचा स्वभाव नसावा! पुण्याची पेढी नावारूपाला आणली दाजीकाका गाडगीळांनी. त्यांच्या हयातीतच व्यवसायाची वाटणी झाली, पण ‘पु. ना. गाडगीळ’ हे नाव दोन्हीकडे राहिले. त्यातले ‘पीएनजी ज्वेलर्स’ सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरले.

आजीच्या डब्यात गाडगीळांची किंवा कोणत्याही सराफाची तोळे-मासे-गुंजांतली जुनी पावती सापडली, तर हिशेब असा: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा; आजचा बाजारी तोळा १० ग्रॅमचाच.