नामविस्ताराची संध्याकाळ आणि वर्षभरातल्या बाकीच्या संध्याकाळी

दरवर्षी १४ जानेवारीला दुपार कलली की छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ गेटकडे जाणारे रस्ते माणसांनी भरू लागतात. मराठवाड्याच्या गावागावांतून, विदर्भ-खानदेशातून जीप, टेम्पो, एसटी येतात. पांढऱ्या साडीतल्या आजी, कडेवर लेकरू घेतलेल्या माता, निळा झेंडा खांद्यावर टाकलेली पोरे गेटसमोर उभी राहून हात जोडतात. कडेला पुस्तकांचे स्टॉल, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचे फोटो, दिनदर्शिका. अंधार पडला की व्यासपीठांवरचे दिवे लागतात आणि भाषणे, भीमगीते, घोषणा रात्रीपर्यंत चालू राहतात.

ही आपली सर्वात मोठी संध्याकाळ. पण वर्षात ३६५ संध्याकाळी असतात. बाकीच्या संध्याकाळी कॅम्पसवर काय होते, ते कोण ठरवते, आणि तिथे कोण थांबू शकते? वर्ग, परीक्षा, शिष्यवृत्ती यांवर आपण बोलतो. वर्ग सुटल्यानंतरच्या दोन-तीन तासांवर फारसे बोलत नाही. आंबेडकरी चळवळीचे कितीतरी लेखक, कलावंत आणि कार्यकर्ते मात्र त्याच तासांत घडले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

नागसेनवनातील सुरुवात

निजामाच्या काळात उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुलांना हैदराबादकडे पाहावे लागे. दलित मुलाला तर गावच्या शाळेचा उंबरठाही जड होता. अशा प्रदेशात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नाव दिले नागसेनवन.

ही नावे सहज दिलेली नाहीत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने प्रश्न विचारले आणि भिक्खू नागसेनांनी उत्तरे दिली. तो संवाद 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. राजा असूनही तो विचारतो, आणि भिक्खू राजापुढे न दबता उत्तर देतो. शिक्षणसंस्थेला हे नाव देऊन बाबासाहेबांनी तिथल्या मुलांकडून काय अपेक्षा आहे तेच सांगून ठेवले.

या महाविद्यालयात खेड्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहत. त्यांचे शिक्षण पाच वाजता संपत नव्हते. इथेच प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्य माणसाचा युगानुयुगांचा प्रवास त्यात आहे. १९५५ मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले आणि १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. ज्याला दलित रंगभूमी म्हणतात तिच्या इतिहासात या नाटकाचे नाव आरंभी घेतले जाते. म्हणजे त्या रंगभूमीची सुरुवात मोठ्या नाट्यगृहात झाली नाही, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात झाली.

त्याआधीही परंपरा होतीच. सत्यशोधक जलसे होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे आंबेडकरी जलसे वस्तीवस्तीत जात होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला मोकळा वेळ मिळे तो रात्रीच. मग विचारही रात्रीच, कंदिलाच्या उजेडात, ढोलकीच्या तालावर पोहोचवावा लागे. नागसेनवनाने तीच परंपरा कॅम्पसवर आणली, पण एका फरकाने. जलशात ऐकणारे बहुतेक निरक्षर होते. इथे बसलेली मुले दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ऐकलेले तपासून पाहू शकत होती.

१९६७-६८ च्या सुमारास डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच वातावरणातून निघाले. आधी त्याचे नाव 'अस्मिता' होते. या नियतकालिकाने दलित साहित्याच्या कित्येक लेखकांना पहिले छापील पान दिले. कविता वाचायची, मित्रांनी ती सोलायची, मग ती पुन्हा लिहायची. असे काम तासिकेच्या ५० मिनिटांत होत नाही.

नामांतराच्या लढ्याने काय शिकवले

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. पोचीराम कांबळे यांचे नाव आपण विसरू शकत नाही. पुढे १९७९ चा लाँग मार्च, मोर्चे, तुरुंग आणि २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांचे आत्मदहन. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

ठराव ते अंमलबजावणी यांत साडेपंधरा वर्षे गेली. एवढा काळ चळवळ केवळ निवेदनांवर टिकत नाही. ती टिकली ती वस्तीतल्या संध्याकाळच्या बैठकांवर, शाहिरांच्या गाण्यांवर आणि विहारातल्या चर्चांवर. दिवसा मोर्चा काढण्यासाठी रात्री माणसे एकत्र बसावी लागतात. १४ जानेवारीच्या संध्याकाळी गेटवर होणाऱ्या गर्दीचे मूळ तिथे आहे. ज्याच्या आईबापांनी या नावासाठी मार खाल्ला, तो गेटसमोर हात जोडतो तेव्हा त्याला अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे इतिहास न वाचणे होय.

आज कॅम्पसवरच्या संध्याकाळी कशा चालतात

ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात.

पहिला अधिकृत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. युवक महोत्सव, स्पर्धा, शिबिरे यांचे काम या मंडळाकडे असते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ आपल्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात येतात. एकांकिका, मूकनाट्य, वक्तृत्व, वादविवाद, समूहगान, लोककला, चित्रकला असे प्रकार असतात. इथून निवडलेला संघ राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००३ पासून होणाऱ्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात इतर विद्यापीठांसमोर उभा राहतो. खेड्यातल्या महाविद्यालयातील मुलीला राज्याच्या रंगमंचावर नेणारी ही सरळ वाट आहे. आपल्यातील अनेकांना तिची माहितीच नसते किंवा निवडीची तारीख उलटून गेल्यावर ती कळते.

दुसरा प्रकार विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेला. ३ जानेवारीला सावित्रीमाई, १४ जानेवारीला नामविस्तार, १७ जानेवारीला रोहित वेमुलाचे स्मरण, ११ आणि १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला अभिवादन. यांशिवाय काव्यवाचन, पुस्तकचर्चा, पथनाट्य, गटअभ्यास. जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतो. त्यातही संध्याकाळ ते रात्र हाच कसोटीचा भाग.

या दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व वाढले त्याला एक कारण आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण तिच्या अंमलबजावणीची मागणी विद्यार्थी संघटनांना करत राहावी लागते. अशा स्थितीत परवानगीचा अर्ज लिहिणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, वक्त्याला वेळेवर थांबवणे, विरोधी मताच्या मित्राला बोलू देणे ही लोकशाहीची उजळणी बहुतेक मुलांना कार्यक्रमाच्या आयोजनातच करता येते. सभा चालवायला शिकलेला माणूसच पुढे ग्रामसभेत उभा राहतो.

दोन अडचणी, ज्यांवर आपणच बोलले पाहिजे

पहिली अडचण आवाजाची. १४ जानेवारीला गेटच्या परिसरात वेगवेगळ्या पक्ष-गटांची व्यासपीठे शेजारी शेजारी उभी राहतात. एकाचा भोंगा दुसऱ्याच्या भाषणावर पडतो. दुरून आलेल्या आजीला कोणाचेच नीट ऐकू येत नाही. आनंद व्यक्त करू नये असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना गावात वाजत-गाजत जाऊ दिले नाही, त्यांनी इथे वाजवले तर त्यामागे इतिहास आहे. पण आवाज मोठा झाला म्हणजे म्हणणे पोहोचले, असे होत नाही.

कायदाही माहीत हवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. हे आकडे पाठ असले तर दोन फायदे होतात. आपल्याकडून नियम मोडत नाही, आणि कोणी नियमाचा बाऊ करून फक्त आपलाच कार्यक्रम थांबवत असेल तर कागद पुढे ठेवून बोलता येते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला मुली किती थांबतात? वसतिगृहाची वेळ, शेवटची बस, वाटेवरचा अंधार आणि घरचा फोन यामुळे सातनंतर सभागृहातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतात. त्या बहुतेक मुलींच्या असतात. मग चर्चा रंगते ती मुलांमध्येच, आणि पुढच्या कार्यक्रमाची समिती त्यांच्यातूनच बनते. सावित्रीमाईंच्या जयंतीचा कार्यक्रमही असाच होत असेल तर आपण थांबून विचार केला पाहिजे.

इथेही नियम आपल्या बाजूने आहेत. उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेले नियम मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. परिसरात पुरेसा उजेड आणि भरवशाची वाहतूक असावी, हेही त्यांत आहे. म्हणजे सुरक्षितता मुलींना आत ठेवून नव्हे, परिसर सुरक्षित करून आणायची आहे. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी निवेदनाच्या शेवटी न टाकता पहिल्या क्रमांकावर ठेवली पाहिजे.

मग आपली संध्याकाळ कशी असावी?

काही साध्या गोष्टी आजपासून करता येतील.

कार्यक्रम साडेचारला सुरू करा आणि सातला संपवा. पाहुण्यांची वाट पाहत तासभर घालवू नका. वेळ पाळणे हा समतेचाच भाग आहे. उशीर झाला की सर्वात आधी निघावे लागते ते मुलींना आणि गावी परतणाऱ्यांना.

हार, शाल आणि सत्कार दहा मिनिटांत उरका. वाचलेल्या पैशांतून ग्रंथालयाला चार पुस्तके द्या.

व्यासपीठावर किमान निम्म्या बोलणाऱ्या मुली असाव्यात, आणि त्या केवळ स्वागतगीत व सूत्रसंचालनापुरत्या नसाव्यात. हिशेब आणि परवानगीची कामेही त्यांच्याकडे असू द्या.

गाणे जरूर ठेवा. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी विचार गाण्यातून घराघरांत नेला. पण गाण्यानंतर त्यातल्या एखाद्या संदर्भावर पाच मिनिटे कोणीतरी बोलावे. ऐकलेले गाणे मग डोक्यातही राहते.

आपल्याच माणसांपुरते कार्यक्रम करू नका. शेजारच्या खोलीतला मराठा, मुस्लिम, आदिवासी, बंजारा मित्र बोलवा. त्याला फक्त श्रोता म्हणून बसवू नका, बोलायला सांगा. 'युगयात्रा' लिहिणारे चिटणीस जन्माने दलित नव्हते, हे लक्षात असू द्या.

आणि प्रत्येक कार्यक्रमात शेवटची वीस मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवा. वक्ता कितीही मोठा असो. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला 'बस खाली' म्हणू नका.

विद्यापीठाच्या पाठीमागे डोंगरात बुद्ध लेणी आहेत. शेकडो वर्षांपूर्वी तिथे भिक्खू राहत, शिकत, शिकवत. पायथ्याशी आज हजारो मुले शिकतात. मधल्या काळात आपल्या पूर्वजांना या दोन्ही ठिकाणी जागा नव्हती. गेटवरचे नाव रक्त सांडून मिळाले. त्या गेटच्या आत रोज संध्याकाळी निर्भयपणे बसता येणे, गाता येणे, विचारता येणे हे त्या नावाचे पुढचे काम आहे. मिलिंदाने प्रश्न विचारले म्हणून नागसेनांची उत्तरे आपल्यापर्यंत आली. येत्या १४ जानेवारीला गेटसमोर नतमस्तक व्हाच. पण १५ तारखेच्या संध्याकाळी चार मित्र-मैत्रिणी, एक पुस्तक आणि एक प्रश्न घेऊन त्याच परिसरात पुन्हा बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!