मागील बाकी

आपल्याकडच्या जुन्या घरांत लोखंडी पाइप, तर अमेरिकेत बहुधा तांब्याचे. न्यू जर्सीत मुलाच्या अशाच एका जुन्या घरात स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता. प्लंबरने पाणी बंद करून पाइप कापला, टोक घासून लखलखीत केलं आणि पितळी जोड बसवून पुढे प्लॅस्टिकचा नवा पाइप दिला.

काम चोख झालं. पण तांब्याचे जुने सांधे बहुधा निम्मं शिसं असलेल्या डाखाने जोडलेले असत. पिण्याच्या पाण्यासाठी असा डाख वापरायला तिथे १९८६ साली बंदी आली. भिंतीतले सांधे मात्र राहिलेच. कापाकापीच्या हादऱ्याने त्यांतले कण सुटू शकतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि त्या घरात दोन वर्षांची नात आहे.

बँकेत नवी खतावणी उघडली की मागील बाकी आम्ही पहिल्या ओळीत ओढत असू. इथेही तेच करावं. तोटीची जाळी धुवावी, पाणी थोडा वेळ वाहू द्यावं, पिण्या-रांधण्याला गारच घ्यावं, कारण गरम पाण्यात शिसं अधिक उतरतं. आणि नमुना तपासून घ्यावा. नळ नवा आला म्हणून जुनी बाकी फिटत नाही.